घुबडाचा फोटो परत घेताना: टेकडीवरच्या एका गटाचं प्रकरण

गटाचं नाव इथे देत नाही आणि टेकडी कोणती तेही सांगत नाही. पुण्यात टेकड्यांना तोटा नाही. वेताळ, हनुमान, तळजाई, बाणेर, यांतली वाचकाने हवी ती धरावी. जागा लपवण्याचं कारण पुढे येईलच, कारण सगळं प्रकरण तिच्यावरूनच घडलं.

गट म्हणजे पहाटे टेकडी चढणारी वीस-पंचवीस माणसं. नुसतं चालणं नाही, नोंदी ठेवणंही चालतं: थिरथिरा पक्षी यंदा कधी आला, पावसाआधी नवरंगाची पहिली शीळ कोणी ऐकली, वणवा कुठल्या उतारावर लागला. वेताळ टेकडीवरून आखलेल्या बालभारती-पौड फाटा रस्त्याचा वाद पेटल्यापासून शहरात अशा नोंदींना मोल आलं. मग "आपलं हे सगळं एका जागी दिसलं पाहिजे" असं गटात बोललं जाऊ लागलं. अडचण एवढीच, की माणसं एका जागी नव्हती.

बँकेतून निवृत्त झालेले एक काका मॅस्टोडॉन या ट्विटरसारख्या जाळ्यावर होते. नोव्हेंबर २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयातले वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद केलं गेलं, तेव्हा भारतातून बरेच जण मॅस्टोडॉनवर गेले. त्या लाटेत काकांनीही खातं उघडलं. लाट ओसरली, काका तिथेच राहिले. फोटो काढणाऱ्या ताई फोटोंसाठीच्या पिक्सेलफेडवर होत्या. पक्ष्यांवर पीएचडी करणारी एक विद्यार्थिनी ब्लूस्कायवर, कारण तिच्या विषयातले बरेच संशोधक तिकडे गेले होते. काकांची सून लग्नाआधी याच गटात होती; ती आता न्यू जर्सीत असते आणि फेसबुकवाल्या मेटा कंपनीच्या थ्रेड्सवर लिहिते. उरलेले सगळे व्हॉट्सअ‍ॅपवर, हे वेगळं सांगायला नको.

गटाची एक जुनी वर्डप्रेस साइट होती, तिची देखभाल माझ्याकडे आली. विचारणा साधी होती: कोणालाही नवं खातं उघडायला न लावता या सगळ्यांना एकमेकांचं दिसेल का?

जोडलं कसं

दिसू शकतं, पण कसं दिसतं ते आधी समजून घ्यावं लागतं. मॅस्टोडॉन, पिक्सेलफेड, व्हिडिओचं पीअरट्यूब, चर्चेचं लेमी ही सॉफ्टवेअरं निराळी, चालवणारे निराळे, पण आपापसात बोलण्याची रीत एकच: अ‍ॅक्टिव्हिटीपब. वेबची मानकं ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियमने ही रीत जानेवारी २०१८मध्ये शिफारस म्हणून प्रसिद्ध केली. मॅस्टोडॉन त्याच्याही आधीचं, २०१६चं. त्याने ही रीत नंतर उचलली. या रीतीत मधोमध कुठलीही कंपनी बसलेली नसते. प्रत्येक खात्याला एक आवक-पेटी असते आणि एक जावक-पेटी. मी लिहिलं की माझा सर्व्हर, म्हणजे माझं खातं ज्या यंत्रावर आहे तो, माझ्या फॉलोअरांच्या सर्व्हरांना ते नेऊन देतो, खाली माझ्या खात्याची डिजिटल सही करून. घेणारा सर्व्हर सही तपासतो आणि स्वतःकडे प्रत ठेवतो.

इथून पुढे 'प्रत' या गोष्टीवर नजर ठेवा.

एका सर्व्हरवर आपले चाळीस फॉलोअर असले तरी सहसा तिथे एकच प्रत जाते. वाड्यात एकच पत्रिका देऊन "सर्वांनी यायचं हं" म्हणावं तसं. कोणी फॉलो करण्याआधीचं जुनं लिखाण आपोआप जात नाही. म्हणून नव्याने जोडलेल्या माणसाला आपलं पान ओकंबोकं दिसतं आणि तो विचारतो, "तुम्ही काही लिहीतच नाही का?" लाइकचे आकडे दोन सर्व्हरांवर जुळत नाहीत. एकाच पोस्टखालची उत्तरं काकांना पाच दिसतात नि ताईंना दोन, कारण प्रत्येक सर्व्हरला जेवढं कळवलं गेलं तेवढंच त्याला ठाऊक असतं. मॅस्टोडॉनच्या अलीकडच्या आवृत्त्या राहिलेली उत्तरं स्वतःहून शोधून आणतात, पण सगळे सर्व्हर अलीकडच्या आवृत्तीवर नसतात.

वर्डप्रेससाठी अ‍ॅक्टिव्हिटीपबचं प्लगइन, म्हणजे जोड-सॉफ्टवेअर, आहे. माथियास फेफर्ले यांनी ते लिहिलं आणि २०२३मध्ये ऑटोमॅटिक या कंपनीने ते आपल्याकडे घेतलं. ते बसवलं की साइटच एक खातं होते. तिला दोन ठिकाणी @ असलेला पत्ता मिळतो, मॅस्टोडॉनवरून कोणीही तिला फॉलो करू शकतं, आणि तिथून दिलेलं उत्तर साइटवर लेखाखाली येऊन पडतं. निदान पडायला हवं. आमच्याकडे पहिल्या दिवशी पत्ताच सापडेना. काका शोधपेटीत टाकायचे नि "काही आढळलं नाही".

कारण किरकोळ निघालं. दुसरा सर्व्हर असा पत्ता शोधताना आपल्या डोमेनवर एका ठरलेल्या जागी विचारणा करतो. या सोयीला वेबफिंगर म्हणतात आणि २०१३पासून तिचं मानक आहे. आमच्या होस्टिंगवाल्यांच्या सुरक्षा-नियमाला ही विचारणा घुसखोरी वाटत होती. त्यांच्याशी झालेला पत्रव्यवहार इथे देत नाही, रक्तदाब वाढतो. नियम सैल झाला आणि पत्ता लगेच सापडू लागला.

ब्लूस्कायचं गणित वेगळं. ते अ‍ॅक्टिव्हिटीपब वापरत नाही. त्याचा स्वतःचा एटी प्रोटोकॉल आहे. त्यात माणसाची ओळख आणि नोंदी एका जागी, त्या गोळा करणारी यंत्रणा दुसरीकडे आणि दाखवणारं अ‍ॅप तिसरीकडे अशी विभागणी असते. या दोन जगांमध्ये ब्रिजी फेड नावाचा पूल आहे, रायन बॅरेट यांनी बांधलेला. २०२४च्या फेब्रुवारीत त्यावरून मोठा वाद झाला. आपलं लिखाण न विचारता पलीकडे जाणार हे मॅस्टोडॉनवरच्या अनेकांना खपलं नाही. तेव्हापासून ज्याला जायचंय त्याने पुलाचं खातं स्वतः फॉलो करायचं, असा शिरस्ता आहे. मला तो रास्त वाटतो. विद्यार्थिनीने तिकडून फॉलो केलं, काकांनी इकडून. दोघांचं एकमेकांना दिसू लागलं, फक्त काकांचे पाल्हाळ मध्येच तुटायचे. मॅस्टोडॉनवर सहसा ५०० अक्षरं मिळतात, ब्लूस्कायवर ३००. पूल वरचं कापतो आणि मूळ पोस्टचा दुवा जोडतो. काकांचा मुद्दा नेहमी चारशेव्या अक्षराच्या आसपास येतो, त्यामुळे ब्लूस्कायवर त्यांची ख्याती नुसती प्रस्तावना लिहिणारे अशी झाली.

मराठीची म्हणून एक खास खोच निघाली. गटाने #फिरणाऱ्यांचीटेकडी असा हॅशटॅग ठरवला. आठवडाभराने लक्षात आलं, की टॅगची दोन पानं तयार झालीत. एकावर काका नि ताई, दुसऱ्यावर बाकीचे. दिसायला दोन्ही टॅग तंतोतंत सारखे. 'ऱ्या' दोन तऱ्हांनी टंकता येतो: काही कीबोर्ड त्यासाठी नुक्त्याचा ऱ वापरतात, काही साधा र, हलन्त आणि मध्ये एक अदृश्य जोडखूण. डोळ्याला एक, यंत्राला दोन. यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. टॅग बदलून #टेकडीनोंद केला, काम संपलं.

सूनबाई दिसत नाहीत

थ्रेड्सचा प्रश्न तांत्रिक नव्हताच. मेटाने मार्च २०२४मध्ये अमेरिका, कॅनडा आणि जपानमधल्या थ्रेड्स-वापरकर्त्यांना आपल्या पोस्ट अ‍ॅक्टिव्हिटीपबवर पाठवायची मुभा दिली. सुनेने सेटिंगमध्ये जाऊन ती चालू केली. तरी काकांना तिचं खातं सापडेना. ताईंना मात्र पिक्सेलफेडवरून सापडत होतं.

काकांच्या सर्व्हरच्या 'आमच्याविषयी' पानावर खाली अडवलेल्या डोमेनांची यादी होती, तीत थ्रेड्स होतं. मेटा या जगात येणार हे कळल्यावर २०२३मध्येच अनेक सर्व्हरचालकांनी तिला आधीच दार बंद केलं होतं. कंपनीचा इतिहास पाहता त्यांना नावं ठेवता येत नाहीत. पण काका म्हणाले, "त्यांचं भांडण मार्क झकरबर्गशी, आणि दिसत नाही ती माझी सून. हा कुठला न्याय?"

हा न्याय त्या सर्व्हरचा. सर्व्हर चालवणारा कोणाशी संबंध ठेवायचे हे ठरवतो आणि सभासदाला पटत नसेल तर त्याने दुसरीकडे जावं, अशी ही व्यवस्था आहे. सोय म्हणून खातं हलवता येतं: जुन्या सर्व्हरवरून नव्याचा पत्ता दिला की फॉलोअर आपोआप मागोमाग येतात, आपण फॉलो करत असलेल्यांची यादी फाइलमध्ये उतरवून नव्या जागी चढवता येते. जुन्या पोस्ट मात्र जुन्याच घरी राहतात. काकांच्या २०१९पासूनच्या पक्ष्यांच्या तारखा त्यातच होत्या. म्हणून त्यांनी हलवणं लांबवलं, आणि मीही जोर केला नाही. त्यांच्या दिनक्रमातली ती एकच वही होती.

माझं मत तिथेच पक्कं झालं. टिकायला हव्यात त्या नोंदी गटाच्या स्वतःच्या डोमेनवर ठेवाव्यात आणि बाकी सगळ्या ठिकाणांना खिडक्या मानावं. खिडकी कोणीही कधीही बंद करू शकतं.

फोटो

जानेवारीत गटातल्या एकाने कड्यावरचं शृंगी घुबड टिपलं, बाजूला दोन पिल्लं. स्पॉटिंग स्कोपला, म्हणजे पक्षी पाहायच्या दुर्बिणीला, फोन लावून काढलेला, सुरेख फोटो. काकांनी तो साइटवर चढवला. घरट्याची जागा सांगायची नाही हा नियम सगळ्यांना ठाऊक होता, म्हणून मजकुरात जागेचा उल्लेख नव्हता. शिवाय त्यांनी तोच फोटो मॅस्टोडॉनवरही टाकला. दोन्ही पोस्ट पुष्कळ फिरल्या.

दुसऱ्या दिवशी साइटवरच्या लेखाखाली परदेशातल्या एका सर्व्हरवरून उत्तर आलं. लिहिणारा पक्षीनिरीक्षक होता आणि फार सभ्यपणे सांगत होता, की तुमच्या फोटोच्या फाइलमध्ये स्थान आहे.

मी फाइल उघडून पाहिली. अक्षांश, रेखांश, दशांशानंतर पाच आकडे. पाचवा आकडा म्हणजे जमिनीवर साधारण एक मीटर. फोनचा जीपीएस इतका अचूक नसतो आणि हे आकडेही घुबडाचे नव्हते, फोटो काढणारा जिथे उभा होता तिथले होते. पण खाली आणखी एक ओळ होती: कॅमेऱ्याची दिशा, अंशांत. कुठे उभं राहायचं आणि कुठे बघायचं हे दोन्ही कळल्यावर कडा शोधायला कितीसा वेळ लागणार? हौशी फोटोग्राफरांची गर्दी ही त्यातली सौम्य शक्यता. दिवाळीच्या सुमाराला जादूटोण्यासाठी घुबडं पकडली जातात, आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी असूनही हा धंदा थांबलेला नाही.

मॅस्टोडॉनवर स्वतःच्या सभासदाने चढवलेल्या फोटोतून ही माहिती काढून टाकली जाते. वर्डप्रेस मूळ फाइल आहे तशी ठेवतं. स्थान असलेले फोटो चढवू नका, अशी सूचना त्याच्या गोपनीयता-धोरणाच्या नमुन्यातच असते, फक्त ती कोणी वाचत नाही. म्हणजे काकांची मॅस्टोडॉनवरची पोस्ट निर्धोक होती आणि साइटवरची नव्हती.

फोन केला तेव्हा काकांनी आधीच दोन्ही पोस्ट काढल्या होत्या. "अहो, डिलीट केलं की मी. आता काय राहिलं?"

डिलीट केल्यावर काय होतं

अ‍ॅक्टिव्हिटीपबमध्ये डिलीट हाही एक निरोपच असतो: 'अमुक पोस्ट आम्ही काढली, तुम्हीही काढा.' चांगला सर्व्हर तो पाळतो. पाळलाच पाहिजे अशी सक्ती करणारं कोणी नसतं.

काकांची मॅस्टोडॉनवरची पोस्ट सुरळीत गेली. पुलानेही निरोप पलीकडे पोचवला आणि ब्लूस्कायवरून ती थोड्या वेळात नाहीशी झाली. (ब्लूस्कायवरचं सगळं एका खुल्या प्रवाहातून वाहत असतं आणि तो कोणालाही साठवून ठेवता येतो, तेव्हा 'नाहीशी' हा शब्द जपून घ्यावा.)

साइटच्या पोस्टचं तसं झालं नाही. साइटने निरोप पाठवला तो आपल्या फॉलोअरांच्या सर्व्हरांना. पण पोस्ट फॉलोअरांपुरती राहिली नव्हती. समजा, 'अ' सर्व्हरवरच्या माणसाने ती पुढे पाठवली आणि त्याचे फॉलोअर 'ब' सर्व्हरवर आहेत. 'ब' मूळ पोस्ट आमच्या साइटवरून स्वतः येऊन घेऊन जातो. तिथे आमचा एकही फॉलोअर नाही, त्यामुळे आमच्या यादीत तो नाही, त्यामुळे डिलीटचा निरोप त्याला जात नाही. त्याच्याकडची प्रत तशीच.

मग असे 'ब' शोधायचे कसे? उत्तर आमच्याच सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे कोण काय मागून गेलं त्याच्या नोंदवहीत, होतं. मॅस्टोडॉन सर्व्हर काही न्यायला येतो तेव्हा विनंतीत आपलं नाव, आवृत्ती आणि डोमेन लिहून ठेवतो. लॉगमधल्या त्या लेखाच्या नि त्या फोटोच्या ओळी वेगळ्या काढल्या, फॉलोअरांचे सर्व्हर वगळले, आणि हातात वीस-बावीस डोमेनांची यादी आली. त्या रात्री विद्यार्थिनी आणि मी ती वाटून घेऊन एकेक उघडून पाहिली.

चित्र एकसारखं नव्हतं. काही सर्व्हरांनी पोस्टचा मजकूर नेला होता, फोटो नाही. काहींनी फोटो लहान करून ठेवला होता आणि त्या भानगडीत स्थान गळून पडलं होतं. बाहेरून आलेल्या फोटोचं मॅस्टोडॉन काय करतं, हे फोटोच्या मापावर आणि त्या सर्व्हरच्या रचनेवर ठरतं. काही ठिकाणी मात्र फाइल जशीच्या तशी होती, अक्षांशासकट. प्रश्न त्यांचाच होता, आणि ते मोजके होते.

सर्व्हरचालकांना चार ओळींचं पत्र लिहिलं: वन्यपक्ष्याचं घरटं, फाइलमध्ये स्थान, पोस्टचा पत्ता हा, कृपया काढा. बहुतेकांनी त्याच दिवशी काढली. एकाने सर्व्हरवरच्या सगळ्या जुन्या परक्या फोटोंची साठवणच रिकामी केल्याचं कळवलं. हे लोक पदरमोड करून फावल्या वेळात सर्व्हर चालवतात. मोठ्या कंपनीच्या तक्रार-फॉर्मचा अनुभव ज्यांना आहे, त्यांना यातला फरक सांगायला नको. एका चालकाने काहीच उत्तर दिलं नाही. तिथली प्रत आम्हाला काढता आली नाही आणि ती काढण्याचा मार्ग आमच्या हातात नाही.

एवढं आवरत आणलं आणि व्हॉट्सअ‍ॅपचं कळलं.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो फोटो म्हणून पाठवला की फाइल आवळली जाते आणि स्थान निघून जातं. पण गटातल्या एका उत्साही गृहस्थांनी "क्लॅरिटी जायला नको" म्हणून तो डॉक्युमेंट म्हणून पाठवला होता, आणि तिथून तो सोसायटीच्या, शाळेच्या, नातेवाइकांच्या ग्रुपांत गेला होता. डॉक्युमेंट म्हणून पाठवलेली फाइल आहे तशी जाते. ती कुठे कुठे गेली याचा कसला लॉग नाही आणि कोणाला पत्र लिहायचं तेही कळत नाही. विखुरलेल्या जाळ्यावर निदान यादी करता आली. सगळं एका कंपनीच्या ताब्यात असलेल्या अ‍ॅपमध्ये तेवढंही करता आलं नाही. युरोपात डिजिटल मार्केट्स अ‍ॅक्टमुळे व्हॉट्सअ‍ॅपला दुसऱ्या सेवांसाठी दार उघडावं लागलं, पण ते युरोपपुरतं. आणि उघडलं असतं तरी या बाबतीत फरक पडला नसता.

शेवटी गटाने इंटरनेटशी संबंध नसलेला उपाय केला. पिल्लं उडेपर्यंत सकाळ-संध्याकाळ दोघांनी त्या बाजूला फेरी मारायची, कोणी कॅमेरा घेऊन कड्याजवळ गेलं तर समजावून परत पाठवायचं. गर्दी झाली नाही. ती फेऱ्यांमुळे झाली नाही की मुळात कोणाचं लक्षच गेलं नव्हतं, हे सांगता येत नाही.

आता काय चालू आहे

साइटवर चढणाऱ्या प्रत्येक फोटोतली स्थानाची माहिती सर्व्हरच काढून टाकतो. ते माणसांच्या आठवणीवर सोडलेलं नाही. घरट्यांच्या नोंदी पिल्लं उडाल्यावरच प्रसिद्ध होतात. काकांच्या जुन्या तारखा मॅस्टोडॉनच्या संग्रह-फाइलमधून उतरवून साइटवर आणल्या. त्यानंतर काका सर्व्हर बदलायला तयार झाले, आणि आता सूनबाईंच्या पोस्ट त्यांना दिसतात. त्या बहुतेक बर्फाच्या नि मुलाच्या शाळेच्या असतात, टेकडीचा त्यांच्याशी काही संबंध नाही. काकांची तक्रार नाही.

विद्यार्थिनीचं म्हणणं आहे, की साइटही पुलावर घालावी म्हणजे संशोधकांना नोंदी थेट मिळतील. ताईंचा विरोध आहे: जितक्या प्रती कमी तितकं बरं. हा वाद अजून मिटलेला नाही.

आणि एक काम राहिलंय. ज्या डोमेनवर हे सगळं उभं आहे ते कोणा भाच्याने कॉलेजात असताना स्वतःच्या नावावर घेतलं होतं. तो आता बंगळुरूला असतो, नूतनीकरणाचा ई-मेल त्यालाच जातो. गटाच्या नावावर करून घ्यायचं तर आधी गट नोंदणीकृत हवा, त्यासाठी कागदपत्रं हवीत, आणि अध्यक्ष कोण यावर दोन रविवारच्या बैठका झाल्या आहेत.